प्रोजेक्टरवर फ्लाइट सिम्युलेटर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी प्रोजेक्टर घरात आला आणि आता चतुर्थी तोंडावर आली आहे. थंडी, उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा त्यानं गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, आमच्या कौलारू घरात काढला. मेनूमध्ये दिव्याचे तास आज 463 दिसतात. त्यातले चारशेच्या वर तास मी सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळात, विमान उडवण्यात घालवले आहेत. सिनेमा आणि क्रिकेटसाठी प्रोजेक्टर कसा निवडावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. सिम्युलेटरची गरज वेगळी असते, आणि ती मला विकत घेतल्यावर एकेक करून कळली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मॉडेलचं नाव देत नाही. तुमची खोली माझ्या खोलीएवढी नसेल, तर त्या नावाचा उपयोग नाही. प्रकार सांगते: डीएलपी (बारीक आरशांनी चित्र पाडणारा), 1080पी, 3500 ल्युमेन (उजेडाचं माप), साधा दिवा, लेसर नाही. थ्रो रेशो 1.15, म्हणजे एक मीटर रुंद चित्रासाठी 1.15 मीटर अंतर लागतं. किंमत पडली 78 हजार. संगणकात आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, समोर जॉयस्टिक, पायाशी रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायला). सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टचा, 2020 सालचा. याआधी चार वर्षं मी 27 इंची मॉनिटरवर उडवत होते.

प्रोजेक्टरनं सगळ्यात मोठा फरक केला तो उतरताना, त्यामुळे तिथूनच सुरुवात करते.

सेसना 172 घेऊन धावपट्टीच्या तोंडावर यायचं, वेग 65 नॉट्सच्या आसपास, थ्रॉटल (इंजिनाचा जोर) बंद, आणि मग जमिनीपासून काही फुटांवर नाक हळूहळू उचलत विमान तरंगत ठेवायचं. याला फ्लेअर म्हणतात. शिकवणारे सगळे एकच सांगतात, की नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेव, जवळ बघू नकोस. मॉनिटरवर मी हे चार वर्षं केलं आणि चार वर्षं विमान आपटत राहिलं. टेकताना खाली येण्याचा वेग मिनिटाला चारशे फुटांच्या वर. नाक उचलायचं तर एकदा फार लवकर, एकदा फार उशिरा. मला वाटायचं, माझाच हात जड आहे.

प्रोजेक्टर लावल्यावर दुसऱ्या आठवड्यात दाबोळीच्या धावपट्टीवर विमान इतकं अलगद टेकलं की मी आकडा दोनदा पाहिला. मिनिटाला 140 फूट. तसं पुन्हा झालं, आणि पुन्हा. उंचीचा अंदाज आपण समोर बघून घेत नाही, डोळ्यांच्या कडांनी घेतो. नजर टोकाला खिळलेली असते, पण दोन्ही बाजूंची जमीन वर येते, पसरते, धावपट्टीच्या कडा उघडत जातात, आणि ते कडेनं दिसणारं सरकणं मेंदूला सांगतं की आता उचल. मॉनिटर 60 सेंटिमीटर रुंद, मी 70 सेंटिमीटरवर. म्हणजे डोळ्यांसमोरचा जेमतेम 46 अंशांचा तुकडा भरलेला. त्याच्या बाहेर भिंत, पंखा, कॅलेंडर. आता चित्र 120 इंची, म्हणजे 2.66 मीटर रुंद, आणि मी 1.6 मीटरवर. 80 अंश भरतात. कडा जिथे लागतात तिथे आता कडा आहेत.

दुसरी गोष्ट अंतराची. मोठ्या विमान कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये वैमानिक पडद्याकडे थेट बघत नाही. चित्र वरच्या पडद्यावर पाडतात आणि वैमानिक ते समोरच्या भल्यामोठ्या वक्र आरशात बघतो. त्यामुळे प्रकाशाचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि डोळे दूर बघितल्यासारखे सैल राहतात. घरी तो आरसा कुठून आणणार? पण चष्म्याच्या नंबराच्या भाषेत सांगायचं, तर 70 सेंटिमीटरवर बघायला डोळ्याला साधारण 1.4 डायॉप्टरचा जोर लागतो आणि 1.6 मीटरवर 0.6 चा. निम्म्याहून कमी. दोन तास उडवून उठल्यावर डोळे जड होत नाहीत, ते यामुळे.

म्हणून मोठं चित्र हवं म्हणून प्रोजेक्टर घेणाऱ्याला मी आधी टेप घेऊन बसायला सांगीन. चित्राची रुंदी आणि तुमच्या खुर्चीचं अंतर, या दोन आकड्यांत सगळं आहे. तेच 120 इंची चित्र साडेतीन मीटरवरून बघितलं तर कोन 42 अंशांचा होतो. म्हणजे पाऊण लाख घालून मॉनिटरच परत घेतला.

आता बसवण्याचं. आमच्या घराला सपाट छत नाही. वर वासे, रिपा आणि मंगळुरी कौलं. सुतारानं भालाला, म्हणजे छताच्या मोठ्या तुळईला, लोखंडी पाइप लावून त्यावर प्रोजेक्टर टांगला, पडद्याच्या भिंतीपासून 3.1 मीटरवर, म्हणजे माझ्या पाठीमागे. लेन्स जमिनीपासून अडीच मीटर उंच. भिंत चिऱ्याची, वरचा चुन्याचा गिलावा जुना, उंचसखल. पहिल्या दिवशी चित्र पाडलं तर समुद्राला पोक आलेलं. मग त्या भागावर पुट्टीचे दोन हात, घासकाम आणि वर पांढरा मॅट डिस्टेंपर. खर्च चार हजार. तयार पडदा घेतला नाही याचं वाईट वाटत नाही. आमच्याकडे जूनमध्ये कापड ओलं होतं, भिंत पुसता येते.

सगळं झालं, तरी पहिले पंधरा दिवस काहीतरी चुकत होतं. सरळ उडत असतानाही मला सतत वाटायचं की नाक वर आहे, आणि मी नकळत जॉयस्टिक पुढे ढकलायचे. मानही दुखायची. कारण एका रात्री लक्षात आलं, आणि ते या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं: क्षितिज नेहमी डोळ्यांच्या पातळीत असतं. मिरामारच्या वाळूत उभे राहा की आग्वादच्या किल्ल्यावर, समुद्राची रेघ तुमच्या डोळ्यांसमोरच असते. लहान विमानाच्या उंचीवरही जवळजवळ तसंच. माझ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून 1.55 मीटरवर होता आणि खुर्चीत बसल्यावर माझे डोळे 1.2 मीटरवर. एक फूटभर वर क्षितिज बघितल्यावर शरीर म्हणणारच की नाक वर आहे.

सुताराला परत बोलावलं. पाइप 30 सेंटिमीटरनं खाली घेतला. चित्राचा मध्य 1.25 मीटरवर आला, क्षितिजाची रेघ डोळ्यांच्या समोर आली, आणि नाक वर असल्याचा भास त्याच दिवशी गेला. त्याची किंमतही आहे. प्रकाशाचा झोत माझ्या डोक्यावरून जातो, आणि खुर्चीच्या जागी त्याची खालची बाजू आता जमिनीपासून 1.38 मीटरवर आहे. बसल्यावर माझं डोकं 1.3 वर. मध्ये आठ सेंटिमीटर राहतात. केस वर बांधले की धावपट्टीवर अंबाड्याची सावली पडते. तेव्हा उडवताना वेणी. तुमची उंची जास्त असेल तर आधी खुर्ची खाली घेता येते का ते बघा, आणि हे सगळं भोकं पाडायच्या आधी कागदावर काढा.

चित्र तिरकं पडलं की कीस्टोननं सरळ करता येतं, असं दुकानात सांगतात. सिम्युलेटरसाठी कीस्टोन बंदच ठेवा. त्यात पिक्सेल वाया जातात, आणि माझ्या प्रोजेक्टरमध्ये तो चालू केला की जॉयस्टिक हलवल्यावर चित्र हलायला उशीर लागतो. गेम मोड चालू, कीस्टोन बंद, आणि प्रोजेक्टर भिंतीला काटकोनात. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) घेऊन अर्धा दिवस खपा, पण यंत्र सरळ लावा.

मॉनिटरपेक्षा वाईट काय, तर अक्षरं. 1080पी म्हणजे रुंदीला 1920 ठिपके, ते 2.66 मीटरवर पसरले की एकेक ठिपका सुमारे 1.4 मिलिमीटरचा होतो. समुद्र, डोंगर, ढग यांत ते जाणवत नाही. कॉकपिटमधल्या काचेच्या पडद्यावरचे आकडे मात्र फाटल्यासारखे दिसतात. उंचीचा 1500 आहे की 1600, हे बघायला पुढे वाकावं लागतं, आणि वाकलं की सगळी भूमिती गेली. यावर उपाय सापडला तो जुना 15 इंची मॉनिटर. सिम्युलेटरमध्ये उजवी ऑल्ट कळ दाबून उपकरणाच्या पडद्यावर क्लिक केलं की ते वेगळ्या खिडकीत निघतं. ती खिडकी ओढून लहान मॉनिटरवर टाकायची. तो मी भिंतीच्या आणि जॉयस्टिकच्या मधल्या बाकावर, नजरेच्या खाली ठेवला आहे. मग भिंतीवरचा कॅमेरा थोडा वर उचलता येतो, डॅशबोर्ड कमी दिसतो आणि बाहेरचं जग जास्त. खऱ्या विमानातही तसंच असतं. बाहेर लांब बघायचं, मध्येच नजर खाली आणून आकडे बघायचे, परत बाहेर. चार वर्षांत न लागलेली ही सवय आता आपोआप लागली आहे.

तुम्ही मोठी विमानं ढगांतून उपकरणांच्या भरवशावर उडवत असाल, तर प्रोजेक्टर घेऊ नका. तुमचं सगळं काम आकड्यांत आहे, चांगला मोठा मॉनिटर बरा. नदी, रस्ते, डोंगर बघत खालून उडणाऱ्यांसाठी हे यंत्र आहे.

4के घ्यावा का? माझ्या कार्डाला ते झेपलं नसतं. 1080पीला प्रत्येक चित्रात वीस लाख ठिपके रंगवावे लागतात, 4केला ऐंशी लाखांवर. मला सेकंदाला चाळीसच्या आसपास फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतात, आणि मी त्या मुद्दाम तीसवर बांधून ठेवल्या आहेत. मोठ्या भिंतीवर चित्र आडवं फाटलेलं फार टोचतं, त्यापेक्षा स्थिर तीस बरे. 120 हर्ट्झच्या (सेकंदाला 120 चित्रांच्या) जाहिरातीला भुलून मी दहा मीटरची साधी एचडीएमआय केबल आणली होती. त्या वेगावर चित्र लुकलुकायचं. 60 वर तीच केबल आजतागायत बिनतक्रार चालते.

दिवसा काही दिसत नाही, हेही सांगायला हवं. आमच्या त्या खोलीच्या खिडकीला जुनी शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यातून येणारा दुधी उजेड मला लहानपणापासून आवडतो, पण तेवढाही 3500 ल्युमेनना फिका पाडायला पुरतो. मी रात्री आठनंतरच उडवते. कारखान्यात शिफ्ट सकाळची असते, त्यामुळे ते जमतं. आणि सिम्युलेटरमध्येही रात्र लावून अंधारात उडायचं म्हटलं, तर काळं आकाश करड्या रंगाचं दिसतं. धावपट्टीचे दिवे त्यात विरतात. रात्रीच्या उड्डाणासाठी मी अजूनही मॉनिटरकडे जाते.

एका भिंतीवर फक्त समोरचं दिसतं, हीसुद्धा मर्यादा आहे. धावपट्टीला समांतर जाताना आणि बेस लेगला (उतरण्याआधीच्या, धावपट्टीला आडव्या टप्प्याला) वळताना धावपट्टी कडेबाहेर जाते, तेव्हा जॉयस्टिकच्या टोपीनं, म्हणजे वरच्या लहान बटणानं, मान वळवावी लागते. मैत्रिणीकडे व्हीआर हेडसेट लावून पाहिला. वळताना तो निश्चितच सरस आहे. पण मे महिन्यात कौलांखाली तो डोक्याला बांधून अर्धा तास काढला आणि घामानं काच धुरकटली, चष्माही आत धड बसेना. ज्याच्याकडे एसी आहे त्यानं जरूर विचार करावा.

आता पाऊस. गोव्यात प्रोजेक्टर घेणाऱ्यानं याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा.

जुलैमध्ये कामाच्या गडबडीत तीन आठवडे मी यंत्र लावलंच नाही. तसंच टांगलेलं, लेन्सवर फक्त झाकण. नंतर लावलं तर चित्राचा डावा वरचा कोपरा धुकट. झाकण काढून टॉर्च तिरकी धरली तेव्हा दिसलं: पुढच्या काचेच्या कडेपासून आत निघालेले केसाहून बारीक पांढरे धागे, कोळ्यानं नुकतं जाळं धरावं तसे. बुरशी. औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत रोज सकाळी आर्द्रता नोंदवणं हे माझंच काम, आणि घरात एवढी महाग काच मी नव्वद टक्के दमटपणात अंधारात बंद करून ठेवली होती. याचा मला फार त्रास झाला. सर्व्हिस सेंटरनं न उघडताच फोनवर सांगितलं की अख्खी लेन्स बदलावी लागेल, आणि खर्च सांगितला तो यंत्राच्या अर्ध्या किमतीएवढा. शेवटी म्हापशात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढची काच सोडवून साफ करून दिली. धागे वरच्या थरावरच होते म्हणून वाचलं. त्यांनी सांगितलं ते तसंच करते: पावसात आठवड्यातून चार दिवस तरी अर्धा तास यंत्र चालू करायचं, म्हणजे स्वतःच्या उष्णतेनं ते सुकतं. जास्त दिवस लावणार नसाल तर खाली उतरवून, पूर्ण थंड करून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचं. डब्यात शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका आणि काटा पन्नासच्या खाली आहे का बघत राहा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद भाजून परत वापरता येतं. त्या कामाला स्वयंपाकाचा तवा घेऊ नका, वेगळा ठेवा.

पावसातलं दुसरं संकट विजेचं. कुठे फांदी तारेवर पडली की गावाची वीज गेली. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा तापलेला असताना पंखा एकदम थांबणं वाईट, आतली उष्णता आतच राहते. मी फक्त प्रोजेक्टरसाठी वेगळा यूपीएस घेतला आहे. संगणक बंद पडला तर पडो, प्रोजेक्टर रीतसर बंद होऊन पंखा थांबेपर्यंत चार मिनिटं मिळाली पाहिजेत. नव्यानं घेणाऱ्यानं पैसे असतील तर लेसरचाच घ्यावा. दिव्याचं आयुष्य चार-पाच हजार तास असतं, लेसरचं वीस हजारांपर्यंत सांगतात, आणि तो तापायची-निवायची वाट बघायला लावत नाही. इंटरनेट गेलं की जमिनीची चित्रं यायची थांबतात आणि खाली नुसता हिरवा लगदा दिसतो. त्यासाठी सिम्युलेटरच्या मॅन्युअल कॅशमध्ये गोवा आणि सिंधुदुर्ग मी मेमध्येच उतरवून ठेवले होते. ते फार उपयोगी पडलं.

उन्हाळ्यात लाल धूळ. दर पंधरा दिवसांनी ब्लोअरनं झरोके साफ करते. पंख्याचा आवाज इंजिनाच्या आवाजात बुडतो, त्याबद्दल तक्रार नाही.

फेब्रुवारीतल्या एका रात्रीबद्दल सांगायचं आहे. बाबा मांडवीवर बार्जचे मास्टर होते. आमोणे, सारमानसच्या धक्क्यांवरून खनिज भरून मुरगाव बंदरात न्यायचं, हे त्यांचं आयुष्य. 2018च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं खाणी बंद झाल्या आणि ते घरी बसले. मी मॉनिटरवर उडवायचे तेव्हा ते दारातून बघून जायचे. त्या रात्री मी पणजीवरून आठशे फुटांवर नदी धरून वर येत होते. ते आत येऊन माझ्या खुर्चीमागे, झोत टाळून, स्टुलावर बसले.

“बाय, जरा हळू घे,” ते म्हणाले. मग चोडण डावीकडे ठेवून वर येताना, “उजवीकडे बघ, दिवाडीच्या पलीकडे. तो कुंभारजुव्याचा कालवा. पावसात आग्वादचा बार बंद असायचा, तेव्हा आम्ही तिकडून झुआरीत उतरायचो.” बार म्हणजे नदीच्या मुखावरचा वाळूचा उथळ पट्टा.

मी टोपीनं मान वळवली. कालवा भिंतीच्या मध्यावर आला. ते उठले, भिंतीजवळ गेले आणि एका वळणावर बोट ठेवलं. झोत त्यांच्या पाठीवर पडला, सदऱ्यावर नदी आली. “इथे भरतीची वाट बघत थांबायचो. कधी दोन-दोन तास. वरून एवढंसं दिसतं होय?”

27 इंचांवर ते कधी आत आले नव्हते. आता शनिवारी रात्री ते विचारतात, आज कुठली नदी? आम्ही तेरेखोलपासून गलजीबागपर्यंत सगळ्या नद्या मुखापासून उगमाकडे केल्या. घरांच्या बाबतीत सिम्युलेटर फसतो, उपग्रहाच्या चित्रावरून यंत्रानंच ती उभी केलेली असतात, त्यामुळे आमच्या घरावर कौलं नाहीत. पण नद्यांची वळणं, खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे) बांध आणि बेटं जिथल्या तिथे आहेत.

आईला मात्र त्रास होतो. विमान वळलं की तिला भोवळ येते. डोळे सांगतात हललं, कान सांगतात नाही, आणि चित्र जेवढं मोठं तेवढी ही ओढाताण जास्त. घरात कुणाला बसमध्ये मळमळत असेल तर त्यांना मागे लांब बसवा. मलाही सुरुवातीचा आठवडा वीस मिनिटांवर थांबावं लागलं होतं.

सध्या सरावाचा विषय दाबोळी. सिम्युलेटरमध्ये थेट हवामान लावलं की पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेकडून येऊन 26 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायचं. उजव्या हाताला झुआरी, खाली ढगांचे फाटलेले तुकडे, वारा सरळ नाही तर थोडा डावीकडून. नाक वाऱ्याकडे वळवून तिरकंच खाली यायचं आणि टेकायच्या क्षणी पेडलनं सरळ करायचं. मोपाचा विमानतळ याहून वेगळा. पठाराची कड ओलांडली की इतका वेळ खोल असलेली जमीन एकाएकी पायाशी येते, आणि ती येताना भिंतीच्या दोन्ही कडांना दिसते. दहापैकी सात वेळा आता नीट उतरते.

पुढच्या आठवड्यात चतुर्थीला मुंबईचे काका-काकू, आत्या आणि पोरं येतील. या खोलीत सात जणांची अंथरुणं पडतात, म्हणून प्रोजेक्टर उतरवून डब्यात आणि पाइपही काढून ठेवायचा आहे. काल बाबांनी शिडीवर चढून भालावर, पाइपवर आणि स्क्रूंच्या भोवती खडूनं रेघा मारल्या, आणि पेन्सिलीनं भिंतीवर क्षितिजाची एक आडवी खूण केली, जमिनीपासून 1 मीटर 22.